धावपट्टी छोटी, तिची जमीन मोठी

(इलाख्यातल्या ग्रामसभांच्या बैठकीत एका कार्यकर्तीने केलेलं भाषण. बोलली तसंच लिहून काढलं आहे.)



आया-बायांनो, काका-मामांनो, गायता-भूमियांनो, आणि मागं सायकली टेकून उभ्या असलेल्या माझ्या भावांनो, आजचा विषय विमानतळाचा आहे.

नदीपलीकडच्या तीन गावांच्या शिवारात मोजणी झाली. चुन्याच्या रेघा ओढल्या, खुंट्या ठोकल्या. विचारलं तर सांगितलं, "काही मोठं नाही, छोट्या विमानासाठी छोटी पट्टी आहे." कागद कोणालाच दिला नाही. तेव्हापासून गावोगावी वेगवेगळं ऐकू येतं. कोणी म्हणते, "नागपूरले जायचं तिकीट भेटन." कोणी म्हणते, "पोराले नोकरी लागन." कोणी म्हणते, "आता सारं गाव उठवतेत."

होकार द्या किंवा विरोध करा, हे सांगायला मी उभी नाही. ते ग्रामसभेचं काम आहे. पण "छोटी पट्टी" म्हणजे नेमकं किती, कुठपर्यंत आणि कोणासाठी, हे समजल्याशिवाय ग्रामसभा बोलू शकत नाही. तेवढंच आज मांडते.

पहिली गोष्ट, हा विमानतळ एस.टी. स्टँडासारखा नसतो. आपण टीव्हीत पाहतो ती मोठी विमानं ठराविक वेळेला येतात, तिकीट काढून कोणीही बसतो. छोट्या पट्टीवर तसं नसतं. सरकारी भाषेत याला जनरल एव्हिएशन म्हणतात. म्हणजे खासगी मालकाचं विमान, कंपनीच्या साहेबांचं विमान, मंत्र्यांचं विमान, पायलट शिकवणाऱ्या शाळेची विमानं, पाहणी करणारं किंवा रोगी नेणारं विमान. सार्वजनिक विमानतळ म्हणजे ज्याच्याकडे विमान आहे त्या कोणालाही तिथं उतरता येतं. आपल्या इलाख्यात विमान कोणाकडं आहे ते तुम्हीच सांगा.

२०१६ साली केंद्र सरकारनं उडान योजना आणली. तासाभराच्या प्रवासाला काही जागांचं भाडं २५०० रुपयांच्या आसपास ठेवायचं ठरलं. ती योजना ठराविक वेळेच्या प्रवासी विमानांची आहे. आपल्याकडच्या पट्टीवर तशी विमानं येणार का, कोणत्या साली, कोणत्या कंपनीची, हे लेखी मिळालं तर त्यावर बोलू. नुसत्या तोंडी तिकिटावर जमीन द्यायची नसते.

आता जमिनीचा हिशोब करू. मी बारावी कला शाखेतून झाले, पण हा हिशोब पाचवीच्या पोराला जमेल असा आहे. समजा धावपट्टी १२०० मीटर लांब आणि २३ मीटर रुंद आहे. नुसतं डांबर किती झालं? २७,६०० चौरस मीटर, म्हणजे पावणेतीन हेक्टर, सात एकरांच्या आत. ऐकायला छोटंच वाटतं. पण विमान घसरलं, भरकटलं तर त्याला धक्का लागू नये म्हणून दोन्ही बाजूला आणि दोन्ही टोकांना सपाट मोकळी जागा ठेवावी लागते. ती धरून पट्टा जवळपास १३२० मीटर लांब आणि ८० मीटर रुंद होतो. म्हणजे साडेदहा हेक्टर, २६ एकर. त्यावर विमानं उभी करायची जागा, शेड, इंधनाची टाकी, ऑफिस, रस्ता आणि भोवतीचं कुंपण. आणि पुढं पट्टी वाढवायची म्हणून आधीच जास्त जमीन मागतात ती वेगळीच.

कुंपणाचा अर्थ नीट समजून घ्या. धावपट्टीवर गुरं येऊन चालत नाही, म्हणून कुंपण पक्कं असतं. ज्या पांदणीनं आपण तेंदूला जातो, बैलबंडी नेतो, पेनठाण्याला जातो, ती मधून गेली असेल तर सव्वा किलोमीटरच्या कुंपणाला वळसा घालून जावं लागेल. रोजचा वळसा. नकाशात ती वाट दिसते का, हे आधी पाहा.

पाण्याचंही तसंच. मातीवर पडलेला पाऊस मुरतो, डांबरावर पडलेला वाहतो. एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस आपल्याकडं नवा नाही. तेवढा पाऊस फक्त त्या डांबरावर पडला तर २७ लाख लिटरपेक्षा जास्त पाणी होतं. ते कोणत्या नाल्यात सोडणार? नाला भरला तर कोणाच्या धानाच्या बांध्या फुटणार? मोजणीच्या माणसाला हा प्रश्न विचारला तर तो आकाशाकडं पाहतो.

आता तिसरी गोष्ट, जी कोणी सांगत नाही. धावपट्टी जमिनीवर संपते, पण तिचा हक्क हवेत पुढं जातो. विमान उतरताना तिरपं खाली येतं. त्या तिरप्या वाटेत काही आडवं येऊ नये असा नियम आहे. छोट्या पट्टीसाठी ही वाट साधारण २० ते २५ मीटर पुढं गेलं की एक मीटर वर चढते. म्हणजे पट्टीचं टोक सोडून २५० मीटरवर तुमचं झाड असेल, तर त्याची उंची १० ते १२ मीटरच्या वर चालत नाही. आपला जुना मोह केवढा असतो? पंधरा मीटर तर सहज. म्हणजे तो मोह कुंपणाच्या बाहेर असूनही त्याच्यावर कुऱ्हाड येऊ शकते. मोह, टेंभुर्णी, चार, बेहडा, ज्या झाडावर घर चालतं ती सगळी या रेषेत येतात.

हे मी मनानं सांगत नाही. १९३४ च्या विमान कायद्यात केंद्र सरकारला अधिकार होता, की विमानतळाच्या भोवती २० किलोमीटरपर्यंत सूचना काढून बांधकामावर आणि झाड लावण्यावरही बंधन घालायचं, आणि आड येणारं घर किंवा झाड काढायला लावायचं. १ जानेवारी २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम आला, त्यातही हा अधिकार आहे. २० किलोमीटरपर्यंत सगळीच झाडं तुटतात असं नाही. जवळ जास्त, लांब कमी. नुकसानभरपाईची तरतूदही आहे. पण मोहाची भरपाई एकदाच मिळते, मोहफूल दरवर्षी पडते.

अजून एक नियम आहे. १९३७ च्या विमान नियमांतला ९१ वा. विमानतळापासून १० किलोमीटरच्या आत जनावर कापणं, सोलणं, आणि गिधाडं-पाखरं गोळा होतील अशी घाण उघड्यावर टाकणं मना आहे. कारण खरं आहे, पाखरू इंजिनात गेलं तर विमान पडू शकतं. बंगळुरूला विमानांचं प्रदर्शन भरतं तेव्हा याच नियमाखाली आजूबाजूची मांसाची दुकानं बंद ठेवायचा हुकूम निघतो. आता आपल्याकडं पाहा. दहा किलोमीटरमध्ये किती गावं, किती आठवडी बाजार, किती पेनठाणे येतात? पंडुमला कोंबडा-बोकडा पडतो. उद्या कोणी हा नियम दाखवून आपली पूजा अडवली तर? म्हणून आजच विचारायचं, हा नियम इथं कसा लावणार, लिहून द्या.

चौथी गोष्ट इंधनाची. मोटारीच्या पेट्रोलमधून शिसं २००० साली आपल्या देशात बंद झालं, कारण ते लहान पोरांच्या मेंदूला बाधतं. पण पंख्याच्या छोट्या विमानांपैकी पुष्कळांना लागणारं जे पेट्रोल असतं, एव्हगॅस म्हणतात, त्यात आजही शिसं असतं. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा जिल्ह्यानं आपल्या छोट्या विमानतळांवर असं पेट्रोल विकणं २०२२ च्या सुरुवातीपासून बंद केलं, कारण जवळच्या वस्तीतल्या मुलांच्या रक्तात शिसं आढळलं होतं. सगळ्या छोट्या विमानांना ते लागत नाही, काही डिझेलसारख्या इंधनावर चालतात. म्हणून प्रश्न साधा आहे, इथं कोणती विमानं येणार, त्यांचं इंधन कोणतं? आणि अंगणवाडी, तळं तिथून किती लांब?

आता आपल्या शेजारचं उदाहरण घेऊ. गोंदियाजवळ कामठ्याच्या बाजूला बिरसी म्हणून गाव आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४० साली, इंग्रजांनी तिथं धावपट्टी बांधली. युद्ध संपलं, इंग्रज गेले, पट्टी राहिली. मग ती एका खात्याकडून दुसऱ्या खात्याकडं गेली. पुढं विमानतळ प्राधिकरणाकडं आली, वाढवली, तिथं पायलट शिकवायची शाळा आली. आज शाळेची छोटी विमानं तिथं घिरट्या घालतात. तिथून लोकांना तिकीट काढून बसता येईल असं विमान २०२२ च्या मार्चमध्ये सुरू झालं. १९४० ते २०२२, म्हणजे ८२ वर्षं. ज्याच्या शेतात पट्टी बांधली त्याचा नातूही तोवर म्हातारा झाला. आणि पट्टी वाढताना ज्यांची घरं-शेतं गेली, त्या बिरसीच्या लोकांना पुनर्वसनासाठी वर्षानुवर्षं भांडावं लागलं. बिरसी वाईट म्हणून मी हे सांगत नाही. एकदा पट्टी आली की ती वाढते, हे सांगते. वाढताना ती आपल्याला विचारेलच असं नाही. म्हणून पहिल्यांदा विचारतात तेव्हाच नीट बोलायचं.

दुसरं उदाहरण मालकीचं. यवतमाळ, लातूर, नांदेड, बारामती, उस्मानाबाद इथले पाच छोटे विमानतळ सरकारनं २००९ साली एका खासगी कंपनीला ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं दिले. ९५ वर्षं म्हणजे चार पिढ्या. जमीन घेताना सांगतात "सार्वजनिक काम", पुढं किल्ली कोणाच्या हातात जाते? हाही लेखी प्रश्न आहे.

आता दुसऱ्या बाजूचं बोलू, कारण आपल्यातल्याच लोकांच्या मनात आहे. एक काका म्हणाले, "बाई, पेशंट नेता येईन ना विमानानं." काका, तुमचं दुःख मला समजते. पावसाळ्यात खाटेवर टाकून बाळंतीण नेलेली मीही पाहिली आहे. पण पाहा, रोगी उचलायला हेलिकॉप्टरला धावपट्टी लागत नाही, शाळेच्या पटांगणाएवढी सपाट जागा पुरते. आणि विमान असो की हेलिकॉप्टर, घरापासून तिथपर्यंत जायला पूल लागतो, रस्ता लागतो, आरोग्य केंद्रात डॉक्टर लागतो. ते नसताना धावपट्टी आली तर रोगी नदीच्या या काठावर आणि विमान त्या काठावर राहील.

पोरं म्हणतात नोकरी. धावपट्टी शेतासारखी माणसं मागत नाही. बांधताना मजुरी मिळेल, नंतर चौकीदार, गवत कापणारे, काही थोडे. पायलट व्हायचं म्हणाल तर व्यावसायिक परवान्याला २०० तास विमान उडवावं लागतं, त्याचा खर्च लाखांत जातो. आणि आजवर त्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित लागत आलं आहे. मी शिकले त्या आश्रमशाळेत फक्त कला शाखा होती. आपल्या पोरीनं विमान उडवावं असं मलाही वाटते. पण मग आधी आश्रमशाळेत विज्ञान शाखा मागू, प्रयोगशाळा मागू. त्याला २६ एकर लागत नाहीत.

आता कायदा काय म्हणतो ते नीट ऐका.

वनहक्क कायदा २००६, कलम ३ पोटकलम २. यात तेरा सोयी लिहिल्या आहेत. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, विजेच्या आणि टेलिफोनच्या तारा, तलाव, पिण्याचं पाणी, पाणलोट, छोटे कालवे, अपारंपरिक ऊर्जा, प्रशिक्षण केंद्र, रस्ता, समाजमंदिर. या प्रत्येकाला एक हेक्टरच्या आत वनजमीन देता येते, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस लागते. या तेरामध्ये विमानतळ नाही. म्हणजे दवाखान्यासाठी, रस्त्यासाठी कायद्यानं सोपं दार ठेवलं आहे. त्या दारातून गेली कित्येक वर्षं कोणी आलं नाही. जे दार कायद्यात नाही तिथं मात्र खुंट्या ठोकून झाल्या.

मग विमानतळाला वनजमीन हवी असेल तर वन संवर्धनाच्या कायद्याखाली केंद्राची मंजुरी लागते. २००९ च्या ३ ऑगस्टच्या पत्रकानं सांगितलं की अशा वेळी वनहक्काचं काम पूर्ण झालं पाहिजे आणि ग्रामसभेची संमती पाहिजे. २०२२ च्या नव्या नियमांत केंद्रानं ही तपासणी आपल्या मंजुरीच्या आधी ठेवली नाही, राज्य सरकारवर सोपवली. पण वनहक्क कायदा जिथल्या तिथं आहे. कलम ४ पोटकलम ५ म्हणतं, दाव्यांची पडताळणी पूर्ण होईपर्यंत कोणालाही वनजमिनीवरून काढता येत नाही. म्हणून ज्यांचे दावे अजून पडून आहेत त्यांनी या महिन्यात पावती-पुरावे काढून ठेवा. ज्या गावांनी सामूहिक दावा टाकला नाही त्यांनी टाका.

खासगी शेताच्या बाबतीत २०१३ चा भूसंपादन कायदा आहे. त्याचं कलम ४१ अनुसूचित क्षेत्रासाठी आहे. गोंदिया जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही, म्हणून बिरसीला हे कलम लागू नव्हतं. आपण अनुसूचित क्षेत्रात आहोत. कलम सांगते की शक्यतो अशा क्षेत्रात संपादन करूच नये. केलंच तर दुसरा उपाय नव्हता हे दाखवावं लागते, आणि ग्रामसभेची किंवा योग्य पातळीवरच्या पंचायतीची संमती आधी घ्यावी लागते. या "किंवा"वर लक्ष ठेवा. पंचायतीचा कागद मिळाला म्हणून काम पुढं ढकलायला नको, यासाठी प्रत्येक गावानं ग्रामसभेचा ठराव आधीच करून पंचायतीला, तहसीलला, कलेक्टरला पोच घेऊन द्यायचा.

याच कायद्यात बाधित कोण, हेही लिहिलं आहे. फक्त सातबारावाला नाही. तीन वर्षांपासून जंगलावर पोट असलेला, वनउपज गोळा करणारा, मासे धरणारा, तोही बाधित धरला जातो. म्हणजे जिच्या नावावर गुंठाभर जमीन नाही पण जी मोह वेचते, ती बाईसुद्धा या मोजणीत आली पाहिजे. आणि कलम १०१ म्हणते, घेतलेली जमीन पाच वर्षं वापरलीच नाही तर मूळ मालकाला, वारसाला किंवा सरकारच्या भूमी बँकेत परत गेली पाहिजे. इथंही "किंवा" आहे. म्हणून आधीच मागणी करायची, की वापर झाला नाही तर जमीन आमच्याच नावावर परत.

अजून एक. मोजणी झाली की शहरातून दलाल येतात, "आत्ताच विक, मग भाव पडन" म्हणतात. आदिवासीची जमीन बिगर आदिवासीच्या नावावर परवानगीशिवाय जात नाही, महसूल कायद्यात कलम ३६-अ आहे. कोऱ्या कागदावर, इसारपावतीवर अंगठा देऊ नका.

कोणी म्हणेल, ग्रामसभेचं ऐकते कोण? ओडिशात नियमगिरीच्या डोंगरावर डोंगरिया कोंध लोक राहतात. तिथं बॉक्साइटची खाण काढायची होती. १८ एप्रिल २०१३ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं, ग्रामसभेला विचारा. बारा गावांच्या ग्रामसभा झाल्या. बाराच्या बारांनी नाही म्हटलं. डोंगर आजही तिथं आहे. ते आपल्यासारखेच लोक, फक्त ते सगळे बसले होते आणि एकेकानं बोलून दाखवलं होतं.

म्हणून आता ठरवायचं काय?

एक, प्रस्तावाचा कागद, गट नंबरांसह नकाशा, सामाजिक परिणामाचा अहवाल मराठीत मागायचा, आणि सभेत गोंडी-माडियात वाचून दाखवायला लावायचा. दोन, नकाशावर कुंपण किती, उतरायच्या वाटेखाली कोणती झाडं आणि घरं येतात, आमच्या पांदणी, नाले, पेनठाणे कुठं आहेत, हे दाखवायला लावायचं. तीन, कोणती विमानं, कोणतं इंधन, दिवसाला किती फेऱ्या, रात्री उडणार का. चार, मालकी कोणाची, भाडेपट्टा किती वर्षांचा, पट्टी वाढवायची झाली तर पुन्हा विचारणार का. पाच, दुसऱ्या कोणत्या जागा पाहिल्या आणि त्या का सोडल्या.

आणि सभा भरवताना ध्यानात ठेवा, वनहक्काच्या नियमाप्रमाणं निम्मे सभासद हजर पाहिजेत, आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया पाहिजेत. बाया घरी, माणसं सभेत, असं झालं तर तो ठराव टिकत नाही. हजेरीच्या वहीवर सही करताना वरचा मजकूर वाचून घ्या. हजेरीची सही उद्या संमतीची सही म्हणून दाखवली जाऊ शकते.

उत्तरं आली, पटली, तर ग्रामसभा हो म्हणेल, आपल्या अटी लिहून म्हणेल. पटली नाहीत तर नाही म्हणेल. उत्तरंच आली नाहीत, तर तेही ठरावात लिहा, "माहिती दिली नाही, म्हणून संमती नाही." एवढं एक वाक्य प्रत्येक गावच्या वहीत या अमावास्येच्या आत आलं पाहिजे. ज्या गावात लिहिणारं कोणी नाही तिथं आम्ही पोरंपोरी येतो, निरोप धाडा.

आधी नकाशा, मग सभा. सही सगळ्यात शेवटी.

जय सेवा!